पिवळं पाणी

प्रयोगशाळेतल्या उबेच्या कपाटाचे दार मिस्तरीकाकांनी पुन्हा उघडले. बाटलीतले पाणी अजून पिवळेच होते.

यंत्रे दुरुस्त करणाऱ्याला आतल्या बाटल्यांशी काय कर्तव्य? पण मागच्या खणातल्या बाटलीत त्यांच्या बायकोच्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढत होत्या. हृदयाच्या शस्त्रक्रियेत उरलेला शिरेचा तुकडा तिने स्वतःच संशोधनाला दिला होता. पुढे काही महिन्यांनी ती गेली, पेशी राहिल्या.

पेशींचे गुलाबी खाद्य-पाणी पिवळे म्हणजे आंबट झाले, एवढे काकांना ठाऊक होते. संशोधक बाई यायला अवकाश होता. दार उघडे राहिले की पाणी गुलाबीकडे वळते, हे ध्यानात येताच त्यांनी दाराला स्टूल लावले. कपाटात मुद्दाम सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू निसटला, तशी कपाटाची घंटा कोकलू लागली; त्यांनी तिची तार काढली. ऊब उतरली, त्यांनी शेजारी हीटर लावला. मग फ्यूज उडाला आणि सगळी खोली अंधारात गेली.

बाई आल्या तेव्हा काका घामाघूम होऊन बाटलीवर टॉर्च धरून उभे होते.

"आणलं बघा गुलाबीवर," ते म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी समजावले, की जगायचे तर पेशीत आंबटपणा तयार व्हायचाच. ती तो आत साठू देत नाही, बाहेर टाकत राहते, म्हणून तिचे आतले ठीक राहते.

"पिवळं म्हणजे संसार जोरात चाललाय, काका. पाणी बदलायचं, बस. दाराशी कशाला झोंबायचं?"

"मग... गेली का ती?"

काकांनी फ्यूज बसवला. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाटली सरकवत त्यांनी कोपरा न् कोपरा पाहिला.

"आहे. जरा रुसलीय."

काका स्टुलावर टेकले. जन्मभर बायको बडबडली होती: ओल्या टॉवेलावरून, गळक्या नळावरून, घास न चावता गिळण्यावरून. त्यांना तो राग वाटायचा. शेवटच्या महिन्यात मात्र ती सगळे आतच साठवू लागली, अगदी गप्प झाली. तेव्हा शेजाऱ्यांनी विचारल्यावर काकांनी मोठ्या समाधानाने सांगितले होते,

"आता बरं आहे तिचं."