सुवर्णजल लाल राहिले त्याची हकीकत

श्री. अग्नी आणि आप या उभय देवतांस नमन करोन, जे घडले तेवढेच लिहिले असे.

शके सोळाशे बेचाळीस, शार्वरीनाम संवत्सरे, माघमासी घाटावरील राज्यात मिठाचा दुष्काळ पडिला. समुद्राकाठच्या राजाने घाट अडविला, लमाणांचे बैल माघारी गेले, आणि रयत अळणी भाकर खाऊ लागली, गुरे लोणा लागल्या भिंती चाटू लागली. तेसमयी रसशाळेच्या मुखत्यार म्हाळसाबाई होत्या. पती वारल्यावर महाराजांनी अधिकार त्यांसच दिल्हा आणि बाईंनी तो नांवास आणिला. सोने तेजाबात विरघळवावे, ते पिवळे पाणी भबक्यातून वाफ करोन काढिलेल्या निर्मळ जळात थोडकेच घालावे, आधण आणावे, मग सज्जीखाराने आंबटपणा शमविलेला लिंबाचा रस ओतावा. म्हणजे पिवळेपण जाते, पाणी काळवंडते, जांभळे होते, आणि अखेर डाळिंबाच्या दाण्याऐसे लाल होते. आंत सोने असते परंतु इतके बारीक की कण दृष्टीस पडत नाही. ऐसी विद्या बाईंनी साध्य केली, आणि महाराज येवोन ते पाणी पाहोन गेले, आणि इतके संतोषले की त्याच दिवशी भर दरबारी समुद्राकाठचे वकील विसो नरहर यांसी बोलोन बसले की, आमचे सोने पाण्यात लाल होवोन नांदते, तुम्ही हवी ती परीक्षा घ्यावी. वकील मोठे धूर्त, त्यांनी बोल उचलोन धरिला. होळीच्या दरबारी परीक्षा व्हावी, लाल राहिल्यास घाट मोकळा, न राहिल्यास घाटमाथ्याचा किल्ला आमचा, ऐसे ठरले आणि महाराजांनी विडा दिल्हा.

दुसरे दिवशी बाई रसशाळेत येवोन पाहतात तो पाणी निळे पडिले आणि तळी काळा गाळ बसला. मग चौकशी करिता कळले की लाल पाणी ठेविले ती घागर खाऱ्या विहिरीच्या पाण्याने विसळली होती. बाईंनी नवे लाल पाणी करोन त्यात मिठाची चिमूट टाकिली, तो डोळ्यांदेखत निळे जाहले. मग त्या तडक महाराजांकडे गेल्या आणि सांगितले की, मिठाने रंग जातो, आणि समुद्राकाठचा वकील परीक्षेस मीठच आणील.

"किल्ला पणास लाविला, आणि मजला विचारिले नाही," बाई बोलिल्या.

महाराज म्हणाले, "चुकलो खरा. परंतु शब्द गेला. आता राज्याची लाज तुमच्या हाती."

बाईंस राग होता तो उतरला आणि धास्ती मात्र राहिली. विचार करिता त्यांचे ध्यानी आले की, लिंबाच्या रसाने कणाकणास ऐसे काही चढते की एक दुसऱ्यास जवळ येऊ देत नाही, म्हणोन ते वेगळाले तरंगतात. मीठ पडिले की तो दुरावा जातो, मग कण एकमेकांस चिकटतात, थोर होतात आणि बुडतात. तर मिठास न जुमानेल ऐसे पांघरूण कणांस पाहिजे. मध घालोन पाहिला, तूप घालोन पाहिले, यश नाही. ऐसे असता चिटणीस रावळो मुकुंद समाचारास आले, त्यांची बोटे शाईने माखली होती. बाई एकाएकी विचारत्या जाहल्या, "चिटणीस, शाईतले काजळ तळी का बसत नाही?"

"बाभळीचा डिंक घालितो म्हणोन," चिटणीस म्हणाले. "डिंक न घालावा तर काजळ खाली आणि पाणी वर."

बाईंनी त्याच पावली डिंक भिजविला, गाळोन लाल पाण्यात घातला आणि वर मीठ टाकिले. रंग हलला नाही. आधी मीठ आणि मागाहून डिंक ऐसेही करोन पाहिले, तो गेला रंग परतेना. मग बाईंनी जाणिले की पांघरूण थंडीआधी घ्यावे, कापरे भरल्यावर नव्हे, आणि कैक दिवसांनी प्रथमच हसल्या.

होळीचा दरबार भरला. बाईंनी दोन बिलोरी सुरया मांडिल्या, दोहोंत लाल पाणी. वकिलांनी पदरची पुडी सोडिली, आंत समुद्राचे मीठ. महाराजांचा चेहरा उतरला, परंतु बाई स्थिर होत्या. त्यांनी पहिली सुरई पुढे करोन सांगितले की, हिला डिंकाचा आधार नाही, आपले मीठ खरे की खोटे ते सर्वांनी आधी पाहावे. वकिलांनी मीठ घातले आणि पाणी तत्क्षणी निळे जाहले, आणि दरबारात हाहाकार जाहला. मग बाईंनी दुसरी सुरई पुढे केली. वकिलांनी मूठभर घातले, ढवळिले, थांबले, पुन्हा घातले, पुडी रिती जाहली, आणि पाणी लाल ते लालच. सूर्य कलला तरी लाल. तेव्हा विसो नरहर उठोन उभे राहिले, बाईंस मुजरा केला आणि म्हणाले, "घाट आजपासोन मोकळा. आमच्या मिठाने इतकी हार कधी खादली नव्हती."

मग नौबत झडली, तोफा सुटल्या, आणि महाराजांनी बाईंस हत्तीवर बसवोन नगरात मिरविले. पुढे लमाणांचे तांडे घंटा वाजवीत घाट चढोन आले, आणि घरोघर मीठ पोहोचले. बाईंनी त्या दिवशी चुलीपाशी बसोन भाकरीवर ठेचा घेतला, मीठ जरा अधिकच घातले, आणि डोळ्यांस पाणी आले ते मिरचीचे म्हणोन सांगितले.

सारांश, सोने बारीक करणे ही अर्धी विद्या आणि वेगळे राखणे ही उरलेली. ती म्हाळसाबाईंनी पुरी केली, किल्ला राहिला, घाट सुटला, रयत सुखी जाहली. इति.