आबांच्या भरीत पार्टीला किती जण?

माणसाने कितीही प्रगती केली तरी जेवायला नेमके किती जण येणार, हे जेवणं उरकेपर्यंत कळत नाही. पिंप्राळ्यात मात्र हा प्रश्न कायमचा सुटला.

अभिमन आबांची पंच्याहत्तरी होती. रविवारी मळ्यात भरीत पार्टी. धुळ्याला क्लासमध्ये पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवणारी त्यांची सून हेमांगी म्हणाली, "आबा, यंदा अंदाजपंचे नाही. मोबाइलवर फॉर्म पाठवते. किती जण ते लोक स्वतः लिहितील, बेरीज प्रोग्राम करेल."

प्रोग्राम एका ओळीचा होता. त्याला लिस्ट कॉम्प्रिहेन्शन म्हणतात: एकाच चौकोनी कंसात प्रत्येक उत्तर घ्यायचं, त्याचा आकडा करायचा आणि यादीत बसवायचा. (आमच्या कॉलनीच्या मीटिंगला एवढ्या कामाला तीन वर्षं लागतात.)

चौसष्ट घरांनी तत्परतेने उत्तरं दिली. "बघू" सत्तावीस, "घरचेच" चौदा, नुसता अंगठा बारा, "५-६" नऊ, गुलाबाचं फूल एक. आणि एक "०".

प्रोग्राम पहिल्याच "बघू"ला बंद पडला. हेमांगीने त्याच ओळीत अट घातली: उत्तर निव्वळ आकडा असेल तरच घ्यावं, नाहीतर सोडून द्यावं. त्यानंतर प्रोग्रामने एकही चूक दाखवली नाही. यादीत एकच आकडा आला. शून्य.

तो धुळ्याच्या छगन नानांचा. नाना आबांचे साडू. हेमांगीच्या लग्नपत्रिकेत नाव शेवटी छापलं म्हणून अकरा वर्षं रुसलेले. अख्ख्या गोतावळ्यात स्पष्ट बोलणारा हा एकच माणूस, त्यामुळे अटीत तेवढेच बसले. बेरीज हेमांगीने तीनदा तपासली. तिन्ही वेळा बरोबर आली.

आबांनी चष्मा पुसून स्क्रीनवरचं शून्य वाचलं. "पंच्याहत्तर वरीसमा एक माणूस बी जोडता नई ऊना मले?" एवढं बोलून त्यांनी वांगीवाल्या भिकनला फोन लावला आणि दीड क्विंटल वांगी रद्द केली.

रविवारी तीनशे अकरा माणसं आली. सर्वांत आधी छगन नाना.

"मी जेवाले नई ऊनू," नाना पहिल्या पंगतीत मांडी घालून आलेल्यांवर नजर फिरवत म्हणाले. "कोण कोण ऊनं ते दखाले ऊनू."

आबांना भरून आलं. मळा केळीचा असल्यामुळे माणशी चार केळी आणि ठेचा वाढला. (नानांनी पाचवं केळ मागून घेतलं.) प्रोग्रामच्या हिशेबाने केळीही जास्तच झाली होती.

हसू नका. परवा तुम्हालाही "किती जण?" असा मेसेज आलाय, आणि तुम्ही अंगठा टाकून फोन खाली ठेवलाय. निघताना घरून दोन घास खाऊन निघा.