सरांच्या रेघेची तपासणी

"तेरानं उतरलंय," धाकट्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या बायकोने नवऱ्याच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली.

नवरा बस चालवायचा. त्याच्या कंपनीत दरवर्षी ड्रायव्हरांच्या हृदयाचा एमआरआय काढत. एका ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलते, तो आकडा बघत. वर्षात तो दहाहून जास्त उतरला, तर स्टिअरिंग सोडून सहा महिने गेटवर बसायचे. ह्या ड्रायव्हरचे गेल्या वर्षी सत्तावन्न होते, यंदा चव्वेचाळीस आले. लिफ्ट बंद म्हणून तो तीन मजले चढून आला होता, आणि धाप बायकोला लागली होती.

"अगं, मला काही होत नाहीय."

"तुम्हाला काय कळतंय? बसा त्या बाकावर. बोलू नका, बोलण्यानंही ताण येतो."

"कुणाच्या बोलण्यानं?"

"बघा, लगेच चिडतात. हे पण त्यातलंच."

आत मोजणीच्या खोलीत त्याच दिवशी नवे सॉफ्टवेअर बसवले होते. मोजणी म्हणजे पडद्यावरच्या हृदयाच्या पोकळीभोवती माऊसने रेघ मारायची, एकदा ते भरलेले असताना आणि एकदा आवळलेले असताना. पोकळीत स्नायूंच्या दोन गाठी असतात. त्या रेघेच्या आत घ्यायच्या की बाहेर ठेवायच्या, हे मोजणाऱ्याने एकदा ठरवायचे आणि पाळायचे. नवे सॉफ्टवेअर दोन मोजण्या एकावर एक ठेवून बघत होते. रेघा जुळल्या तिथे हिरवे, फरक पडला तिथे लाल.

गेल्या वर्षीची मोजणी मोठ्या सरांची होती. सर बावीस वर्षे रेघा मारत आले होते आणि तेही एका हाताने. दुसऱ्या हातात फोन असे.

"सर, यंदा मोजणारं माणूस बदललंय," मॅडम चाचरत म्हणाल्या. "हेच चित्र तुम्हीही एकदा मोजता का?"

सरांनी मोजले. सत्तावन्न. पडदा लालेलाल झाला.

"बघ. हृदय ठणठणीत आहे. तुझी रेघ चुकलीय."

"मी गाठी आत घेते, सर. तुम्ही बाहेर ठेवता. पद्धत वेगळी आहे आपली."

"माझ्या पद्धतीला बावीस वर्षं झाली. तुला किती झाली?"

बायकोने दार ढकलून विचारले, "आता किती?"

"सत्तावन्न."

पिशवी ड्रायव्हरकडे परत गेली.

सॉफ्टवेअर बसवायला आलेली इंजिनिअर अदबीने म्हणाली, "सर, तेच चित्र पुन्हा एकदा मोजाल? तुमची पद्धत नमुना म्हणून ठेवते." सर खूश झाले. मान डोलवत त्यांनी पुन्हा मोजले. सेहेचाळीस. पडदा परत लाल.

"आता हे कुणाशी जुळत नाहीय?"

"तुमच्याशीच, सर."

"फोन चालू होता ना मघाशी!" सरांनी फोन बंद केला आणि तिसऱ्यांदा मोजले. बावन्न. पहिल्या वेळी गाठी बाहेर राहिल्या होत्या, दुसऱ्या वेळी आत आल्या होत्या. तिसऱ्या वेळी एक आत होती आणि एक बाहेर.

बाहेर सेहेचाळीसला पिशवी बायकोकडे गेली होती. बावन्न ऐकल्यावर तिने एक बंद स्वतः धरला आणि एक नवऱ्याला दिला.

एवढ्यात रुग्णालयाचे अधीक्षक सॉफ्टवेअर बघायला आले. "दोघंही बसा शेजारी शेजारी आणि मोजा बरं माझ्यासमोर."

सर आणि मॅडम दोन पडद्यांपुढे बसले. लाल नको म्हणून सरांनी मान लांबवून मॅडमच्या पडद्यावर राहिलेली त्यांची मघाची रेघ जशीच्या तशी उतरवली. मॅडमना नोकरीत कायम व्हायचे होते आणि त्या अर्जावर सरांची सही व्हायची होती. त्यामुळे त्यांनी सरांची पहिली रेघ आठवून डोळे मिटल्यासारखी गिरवली. सरांचे चव्वेचाळीस आले आणि मॅडमचे सत्तावन्न.

"फरक तेवढाच आहे की," अधीक्षक म्हणाले. "नुसत्या जागा बदलल्या तुम्ही. खरं कुणाचं?"

"ते सॉफ्टवेअर सांगत नाही," इंजिनिअर म्हणाली. "कुणाचं कुणाशी पटत नाही, एवढंच सांगतं."

"ते तर माझ्या घरीही कळतं मला."

बायको आता सरळ आत आली. "मी शिवणकाम करते, साहेब. एका बाहीचं माप एका टेपनं आणि दुसरीचं दुसऱ्या टेपनं घेत नाही मी. गेल्या वर्षीचं चित्र आहे ना तुमच्याकडे? मग एकाच हातानं दोन्ही मोजा की! सकाळपासून माणूस बाकावर बसलाय आणि त्याचं हृदय इथं वर-खाली होतंय."

मग मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि कुणाकडेही न बघता स्वतःच्या पद्धतीने दोन्ही चित्रे मोजली. गेल्या वर्षीचे त्रेचाळीस, यंदाचे चव्वेचाळीस.

"उतरलं नाहीय. उलट एकानं वाढलंय."

अधीक्षकांनी तिथल्या तिथे ड्रायव्हरच्या कागदावर सही केली. बायको पदराने डोळे पुसू लागली. ड्रायव्हर मात्र निघायच्या घाईत होता, त्याला दुपारची पाळी गाठायची होती.

तेवढ्यात प्रिंटरमधून आणखी एक कागद आला.

"हा कुणाचा?"

"मोजणाऱ्यांचा," इंजिनिअर म्हणाली. "स्वतःच्याच दोन मोजण्यांत दहाहून जास्त फरक पडला, तर सहा महिने मोजणी बंद आणि मग पुन्हा तपासणी. साहेबांना दाखवायला केलेली मोजणी यात धरलेली नाही. ही अट सरांनीच सकाळी घालून दिली. मॅडमकडे बघत." अधीक्षकांनी कागद वाचला. सत्तावन्न आणि सेहेचाळीस, फरक अकरा. त्यांनी तो घडी न घालता सरांच्या हातात दिला.

सर बाहेर येऊन बाकावर बसले. ड्रायव्हरने जागा करून दिली आणि बायको जिन्याकडे वळलेली बघून आवाज खाली आणला.

"सहा महिने म्हणजे काहीच नाही, डॉक्टरसाहेब. फक्त घरी इतक्यात सांगू नका."