तिसाव्या रांगेतली भाकरी

अस्वानपलीकडच्या वाळवंटातल्या सौरप्रकल्पावर रविवारी दुपारी ड्रोन घिरट्या घालून परतला, तो बाराव्या रांगेतल्या एका पॅनेलवरचे सहा गोल ठिपके टिपून. त्याचा साधा कॅमेरा वाळूनं आंधळा झाला होता. उष्णता टिपणारा मात्र शाबूत होता. संगणकानं ठिपके पाहिले आणि लाल अक्षरांत निकाल दिला : पॅनेल बाद.

देखरेखीवरची इंजिनियर नेमात हिनं पॅनेल बदलून घेतलं. सोमवारी ठिपके तेराव्या रांगेत! मंगळवारी चौदाव्या! संगणकानं आता ‘फैलाव’ हा शब्द काढला आणि कैरोच्या कचेरीतून तिचे वरिष्ठ शुक्रीसाहेब यांचा फोन आला.

“सगळा मालच सदोष निघाला तर हजारो पॅनेलं उतरवावी लागतील!” ते फोनवर ओरडले. “तो भाग बंद कर. उद्या मी तज्ज्ञांना घेऊन येतो.”

“साहेब, रोग असा रांगेनं चालत जात नाही.”

“चाललाय ना? मग!”

बुधवारी मध्यान्ही नेमात स्वतःच निघाली. सूर्यामागं वळणारी ती पॅनेलं या वेळी टेबलासारखी आडवी होतात. पंधराव्या रांगेत अशाच एका पॅनेलवर मातीच्या सहा थाळ्या मांडलेल्या होत्या. थाळ्यांत कणकेचे गोळे, आणि खाली सावलीत शेजारच्या गावातली बहिया खाला, सगळ्यांची मावशी, पाय पसरून बसलेली. फाटकावरचा पहारेकरी शाझली हा तिचा भाचा. तो तिच्यामागं लपू पाहत होता.

“खाला, हे काय?”

“दिसत नाही का पोरी? उन्हात भाकरी फुगतेय. मग घरी भट्टीत भाजायची.”

“इथं?”

“मग कुठं? घरच्या गच्चीवर कोंबड्या चोची मारतात. इथं कुंपण आहे, पहारा आहे, वरून ते भुणभुणणारं यंत्र राखण करतं. एवढी सोय माझ्या माहेरीसुद्धा नव्हती.”

“या भाकऱ्यांपायी मी तीन पॅनेलं बदलली! कैरोहून माणसं विमानात बसलीत!”

“किती जण?” खालानं काळजीनं विचारलं. “सहाच आहेत गं.”

“मॅडम, माझी नोकरी...” शाझली रडकुंडीला आला.

“त्याला बोलू नकोस,” खाला म्हणाली. “आणि तुझ्या या काचांचं कौतुक मला सांगू नकोस. रोज रांग बदलते, तरी दीड तास लागतो. तिसाव्या रांगेत बघ, तासाभरात टम्म फुगते. पण तिथवर जायला गुडघे नकोत का?”

नेमातचा राग जागच्या जागी थांबला. चांगलं पॅनेल उन्हाची वीज करून पुढं पाठवतं. बिघडलेलं ते ऊन पोटात धरून तापत बसतं. ती मीटर घेऊन तिसाव्या रांगेकडं धावली. रांग ठार बंद होती. तिच्या मोजणीची तार चुकून शेजारच्या रांगेला जोडलेली, त्यामुळं आकडे ठणठणीत दिसत होते. आणि सगळी रांगच सारखी तापल्यानं ठिपके शोधणाऱ्या संगणकाला संशय आला नव्हता.

संध्याकाळी शुक्रीसाहेबांनी ते बिघडलेलं जोडकाम स्वतः पाहिलं.

“किती अंशांचा फरक होता?”

“जेमतेम दोन-तीन.”

“आणि हे पकडलं कुणी?”

नेमातनं खालाकडं बोट दाखवलं. साहेबांनी भट्टीतून आलेल्या गरम भाकरीचा तुकडा तोडला, चावला. मग त्यांनी डोकीवरची टोपी काढली. शाझलीला कडक तंबी मिळाली, नोकरी मात्र राहिली. खालाला चालू पॅनेलांवर थाळ्या ठेवायची बंदी झाली. त्याबदल्यात तिसाव्या रांगेतलं एक निकामी पॅनेल फाटकाजवळ आडवं मांडून मिळालं.

दुसऱ्या दिवशी नेमातनं भीतभीत विचारलं, “खाला, चालेल ना हे?”

खालानं तळहात काचेवरून फिरवला आणि तिचा चेहरा उजळला.

“हे बघ, याला म्हणतात पॅनेल! काडीचं काम करत नाही.”