उलट्या पडद्याचा टेस्टर

"कार्ड गया है, अंकल. नया मँगवाना पड़ेगा. दस दिन," असं म्हणत एसीवाल्याने पेचकस पिशवीत टाकला आणि पंडित वानखडे भडकले.

"खोल के देखा क्या तुमने?"

"खोल के क्या देखना? कार्ड में कुछ होता थोड़ी है. पूरा बदलता है."

पंडितराव रेल्वेच्या सिग्नल विभागात सीनियर सेक्शन इंजिनिअर. मूळचे अकोल्याचे, भुसावळ आणि कोटा करत सहा वर्षांपूर्वी जयपूरला आले आणि मानसरोवरात दुसऱ्या मजल्यावर स्थिरावले. ज्या माणसाने अख्खी नोकरी सर्किटची कार्डं उघडण्यात घालवली, त्याला कालचा पोरगा सांगतो की कार्डात काही नसतं! त्यांनी एसीवाल्याला दार दाखवलं, आणि दार इतक्या जोरात लावलं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी "क्या हुआ जी?" म्हणून विचारलं.

"अहो, पण तो काय खोटं बोलून राह्यला?" स्वयंपाकघरातून गौतमीबाई आल्या. "चार दिवसांवर बुद्धपौर्णिमा हाय. अठरा माणसं येणार वंदनेले. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. दहा दिवसांनी एसी चालून मी काय करू?"

दरवर्षी जयपूरला बदलून आलेली मराठी रेल्वे कुटुंबं बुद्धपौर्णिमेला कुणाच्या तरी घरी जमतात. यंदा वानखड्यांची पाळी होती.

"दहा दिवस कायले? मीच करतो," पंडितराव म्हणाले. "त्याच्यातला एखादा दहा पैशाचा कॅपॅसिटर गेला असन. ह्या चोरट्यांले अख्खं कार्ड इकायचं असते."

पण कोणता कॅपॅसिटर गेला हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. ऑफिसचं यंत्र घरी आणायचं नाही, हा पंडितरावांचा नियम. म्हणून मग मोबाइलवर शोधाशोध सुरू झाली. सुटा भाग तीन पायांच्या खाचेत अडकवायचा, बटण दाबायचं, की तो कोण आहे आणि जिवंत आहे की मेलेला हे छोट्या पडद्यावर उमटतं, असा टेस्टर. एकाच चित्राचे चाळीस टेस्टर निघाले, चाळीस किमतींचे. खाली लोकांचे अभिप्राय: कुणी लिहिलं होतं 'बढ़िया', कुणी 'बकवास', आणि एकाने 'डिलिवरी बॉय का व्यवहार अच्छा था'. या तिसऱ्यावर पंडितराव विशेष चिडले.

त्यांची मुलगी संपदा जगतपुऱ्याच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिचा जन्म कोट्याचा, शाळा हिंदीची, त्यामुळे तिचं मराठी दर दोन शब्दांनी रूळ बदलायचं.

"पप्पा, हा मधलावाला घ्या. याच्यात चिपचं नाव लिहिलंय. मतलब, नंतर फर्मवेअर बदलता येतं. आणि डिस्प्ले कोणता आहे ते पण दिलंय. सस्ता घेतला तर काय निघेल, कोई भरोसा नाही."

"मले टेस्टर पाहिजे. त्याची जन्मपत्रिका नको," पंडितराव म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यात स्वस्त टेस्टर मागवला.

तो दोन दिवसांनी आला. खोक्यावर नाव नाही, गाव नाही, आत एक चिनी कागद. पंडितरावांनी कार्ड आधीच उघडून ठेवलं होतं. एका कोपऱ्यात चार सारखे बुटके कॅपॅसिटर होते, चौघांवर एकच आकडा: एक मायक्रोफॅरड. त्यांचा संशय त्यांच्यावरच होता. त्यांनी चारही काढले, पहिला खाचेत घातला, बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत आलं, 'अज्ञात किंवा खराब भाग'. दुसरा घातला. अज्ञात किंवा खराब. मग त्यांनी घरातला एक नवाकोरा डायोड घातला. अज्ञात किंवा खराब.

"हाच अज्ञात हाय!" पंडितराव ओरडले. "हाच खराब हाय! फेकून देतो गच्चीवरून!"

संपदाने त्यांच्या हातातून टेस्टर काढून घेतला. "पप्पा, थांबा ना. हार्डवेअर ठीक आहे याचं. आतला प्रोग्राम बेकार आहे. लोकांनी मिळून एक चांगला फर्मवेअर बनवलाय, फ्री आहे. मी डालते."

"फुकट? फुकटात कोण कायले बनवन?"

"बनवतात, पप्पा. शौक से."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैत्रिणीचं छोटं प्रोग्रामर यंत्र घेऊन बसली. तारा जोडल्या, लॅपटॉपवर ओळीमागून ओळी पळाल्या. तासाभराने टेस्टरची तिन्ही टोकं एकत्र जोडून तिने त्याला स्वतःची तपासणीही करायला लावली. मग डायोड घातला, बटण दाबलं, आणि पडद्यावर झकास डायोडचं चित्र उमटलं. फक्त सगळं उलटं. आरशात धरल्यासारखं.

"हे काय हाय?"

"अरे यार," संपदा म्हणाली. "डिस्प्ले कोणता आहे ते खोक्यावर लिहिलं नव्हतं, तर मी अंदाज़ लावला. एक लाइन बदलायची आहे बस. पण आता माझं प्रॅक्टिकल आहे, आणि प्रोग्रामर नेहाला परत द्यायचाय. शाम को करते."

"संध्याकाळी दुकानं बंद होतील! उद्या पौर्णिमा हाय!"

"तो पप्पा, आरशात बघा ना तोपर्यंत," असं म्हणून संपदाने बॅग उचलली आणि स्कूटीला किक मारून ती निघून गेली. हा सल्ला तिने गंभीरपणे दिला होता की चेष्टेने, हे पंडितरावांना कळलं नाही, म्हणून ते दोन्हींसाठी चिडले.

घरात धड आरसा एकच, बेडरूममधल्या कपाटाचा. पंडितराव टेस्टर घेऊन तिकडे गेले, तर आत गौतमीबाई न्हाऊन केस विंचरत होत्या.

"सरक जराशी."

"कायले?"

"वाचायचं हाय."

"आरशात?" गौतमीबाईंनी त्यांच्या हातातल्या डबीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "पहाटपासून एका पायावर उभी हाओ मी. अठरा ताटं, अठरा वाट्या, खिरीचं दूध. आता पाच मिनिटं आरसा मिळाला त बी तुमाले पाहिजे? व्हा बाहेर!" आणि आतून कडी लावली.

पंडितराव हॉलमध्ये आले. मग त्यांनी विचार केला की अक्षरं उलटी असतील तर असोत, आपल्याला आकडाच पाहायचा आहे. शून्य उलटं केलं तरी शून्य, एक उलटा केला तरी एक. त्याला आरसा कशाला पाहिजे?

त्यांनी पहिला कॅपॅसिटर घातला. पडद्यावर दिसलं, शून्य पूर्णांक एक. असायला हवा होता एक. म्हणजे दहावा हिस्साच उरला, मेला. दुसरा, शून्य पूर्णांक एक. तिसरा तोच. चौथा घातला, तर आला एक पूर्णांक शून्य. बरोब्बर.

"चारातले तीन मेले, एकटा इमानदार निघाला," पंडितराव मोठ्याने म्हणाले. तीन मेलेले त्यांनी पक्कडीने चेचून कचऱ्यात टाकले, राग काढायला काहीतरी हवंच होतं. चौथा नमुना म्हणून शर्टाच्या खिशात ठेवला, टेस्टर दुसऱ्या खिशात, आणि मेट्रो पकडून ते जयंती बाजारात पोचले.

सुट्या भागांचं ते दुकान नवलकिशोर खंडेलवालांचं. दुकान म्हणजे भिंतभर ड्रॉवर आणि मध्ये पांढऱ्या मिशांचे खंडेलवालजी.

"एक माइक्रो, तीन नग. असली माल चाहिए," पंडितरावांनी सुरुवातीलाच बजावलं.

"नकली हम रखते ही नहीं, साब," खंडेलवालजींनी तीन कॅपॅसिटर काचेवर ठेवले.

पंडितरावांनी टेस्टर काढला. पहिला घातला. शून्य पूर्णांक एक. दुसरा. शून्य पूर्णांक एक. तिसरा. तेच.

"यह असली है?" पंडितरावांचा आवाज चढला. "तीनों मरे हुए हैं!"

"हो नहीं सकता, साब." खंडेलवालजींनी दुसरा ड्रॉवर उघडला, दुसऱ्या कंपनीचे दिले. शून्य पूर्णांक एक. तिसऱ्या कंपनीचे, तेही तसेच. दहा-बारा कॅपॅसिटर काचेवर पडले आणि पंडितरावांनी एकेकाला मृत घोषित केलं. आजूबाजूची चार-पाच गिऱ्हाइकं जवळ सरकली. शेजारचा दुकानदार हातातला चहा घेऊनच आला.

"पूरी दुकान में एक जिंदा कॅपॅसिटर नहीं! लोगों को लूटते हो! तुम्हारे माल से सिग्नल चलाएँगे तो गाड़ियाँ भिड़ जाएँगी!"

"साब, चालीस साल से बैठा हूँ यहाँ."

"चालीस साल से यही बेच रहे हो!" पंडितरावांनी शर्टाच्या खिशातून आपला चौथा कॅपॅसिटर काढला आणि दोन बोटांत धरून सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवला. "देखिए. पाँच साल एसी में चला है, जयपुर की गरमी में. आज भी पूरा का पूरा. इसको कहते हैं असली माल!" त्यांनी तो टेस्टरमध्ये घातला आणि पडदा खंडेलवालजींच्या नाकासमोर धरला. "पढ़िए!"

खंडेलवालजींनी चष्मा कपाळावर सरकवला, पडदा जवळ घेतला. मग ते दुकानातून खाली उतरले आणि टेस्टर दुकानासमोर उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या आरशापुढे धरला.

"आप पढ़िए, साब."

पंडितराव वाकले. आरशात स्वच्छ, सरळ अक्षरांत लिहिलं होतं: कॅपॅसिटर, शून्य पूर्णांक एक.

"अब यह देखिए." खंडेलवालजींनी आपल्याच काचेवरचा एक घातला. आरशात आलं, एक पूर्णांक शून्य. "यह जिंदा है. आपका वाला मरा हुआ है. बाकी तीन कहाँ हैं?"

बाकीचे तीन पक्कडीने चेचून कचऱ्यात होते. हे पंडितरावांनी सांगितलं नाही. शून्य आणि एक उलटे होत नाहीत हे खरं, पण त्यांच्या जागा उलट्या होतात, हे सिग्नलवाल्या माणसाला मोटरसायकलच्या आरशात वाकून कळावं! चहा घेऊन आलेला शेजारी हसला, तसे सगळेच हसले. खंडेलवालजी मात्र हसले नाहीत. ते हसले असते तर बरं, असं पंडितरावांना वाटलं.

"फर्मवेअर की गलती है," ते पुटपुटले. "मेरी लड़की ने डाला. उसने स्क्रीन गलत चुनी."

"चार दे दूँ?" खंडेलवालजींनी शांतपणे विचारलं.

घरी येईपर्यंत मेट्रोत पंडितरावांनी मनातल्या मनात पाच जणांना दोष दिला: संपदाला, तिच्या मैत्रिणीला, फुकट फर्मवेअर बनवणाऱ्यांना, टेस्टर विकणाऱ्याला, आणि आतून कडी लावणाऱ्या गौतमीबाईंना. आल्याबरोबर त्यांनी चार नवे कॅपॅसिटर सोल्डर केले, कार्ड बसवलं आणि रिमोट दाबला. एसी सुरू झाला. थंड हवेचा पहिला झोत तोंडावर आला तेव्हाही ते रागातच होते, पण जरा कमी.

संध्याकाळी संपदाने पडदा सरळ करून दिला. बापाने एवढंच म्हटलं, "सकाळीच केलं असतं त?" आणि तिने एवढंच म्हटलं, "मधलावाला घेतला असता तर?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अठरा माणसं आली. बाहेर भट्टी, आत हिवाळा. वंदना झाली, जेवणं झाली, खीर झाली. "वानखडे साहेब, काय कूलिंग हाय हो!" म्हणत जो तो जिथे बसला तिथेच पसरला. दोन वाजले, तीन वाजले. कुणी उठेना. साडेतीनला चहा झाला, तरी कुणी उठेना. लेकरं खाली अंथरलेल्या चादरीवर झोपली. पाच वाजता पाहुण्यांतले तायडे म्हणाले, "आता ऊन उतरल्यावरच जाऊ म्हणतो," आणि त्यांच्या मिसेसनी विचारलं, "गौतमीताई, रात्रीले साधी खिचडी चालन बरं, जास्त काही करू नका."

गौतमीबाई दारात उभ्या होत्या, पहाटे चारपासून पायांवर. त्या वळल्या, पॅसेजमध्ये गेल्या. खट्‌ असा आवाज झाला आणि एसी एक लांब उसासा टाकून बंद पडला.

"अरे! काय झालं?" तायडे उठून बसले.

पंडितराव ताडकन उठले. काल स्वतःच्या हाताने केलेलं काम! ते टेस्टर उचलून भिंतीकडे धावणार, एवढ्यात त्यांना पॅसेजच्या दारात गौतमीबाई दिसल्या. एक हात भिंतीवरच्या स्विचवर होता. आणि डोळे असे, की गाडी जागच्या जागी थांबावी.

हॉल दोन मिनिटांत तापला. लोक वर्तमानपत्रांनी वारा घेऊ लागले. सगळे पंडितरावांकडे पाहत होते.

त्यांनी टेस्टर खिशात घातला. दोन्ही हात जोडले. चार दिवसांत पहिल्यांदाच, कुणावरही न ओरडता, मान खाली घालून म्हणाले,

"माफ करा, मंडळी. माह्याच हातून काहीतरी चुकलं."

अठरा माणसं हळूहळू चपला शोधायला लागली.