उणे साठ अंशांचा बर्फ

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी दोन वर्षं जिवाचं रान करून छोटं अवकाशयान बनवलं. प्रदर्शनात ते नुसतं टेबलावर कसं ठेवणार? म्हणून शेवटच्या आठवड्यात त्यांनी फळीवर बर्फाळ ग्रह उभारला. थर्माकोलच्या टेकड्या, वर पांढरा गोंद, त्यावर खाण्याचा सोडा. बायकोनं तो चहाच्या गाळणीतून भुरभुरवला. "अहो, स्वयंपाकघरातला सोडा संपला हं!" तिनं बजावलं. बर्फ मात्र झकास पडला.

घात केला प्रदर्शनाच्या अर्जानं. त्यात 'देखाव्यातील तापमान' असा रकाना होता. दुसऱ्या कुणी तिथे रेघ मारली असती. घड्याळजींना रिकामा रकाना बघवेना. त्यांनी बराच विचार करून 'उणे साठ अंश' लिहिलं.

आता सभागृहाच्या नियमांप्रमाणे पाच अंशांखाली काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला स्वेटर देणं बंधनकारक. खातरजमा करायला व्यवस्थापक जातीनं आले आणि त्यांनी तापमापक सोड्यात खुपसला. पारा एकतीसवर. त्यांनी पारा पाहिला, अर्ज पाहिला आणि शेरा मारला: 'तापमापक नादुरुस्त.'

"साहेब, तो सोडा आहे हो!"

"अर्जावर सही कुणाची?"

"माझीच."

"मग झालं तर!"

दुसऱ्या दिवशी सतरा जणांना स्वेटर मिळाले. पंखे बंद झाले, कारण थंडीत पंखा लावणं ही उधळपट्टी. "बाधली बघा थंडी!" घामानं निथळत शिपाई म्हणाला. त्यावर सगळ्यांना तासभर आधी घरी सोडायचं ठरलं.

इथवर ठीक होतं. पण तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकांची नजर यानावर गेली.

"इंजिनं किती?"

"चार."

"तापतात?"

"खरी असती तर तापली असती."

"म्हणजे तापतात! बर्फ वितळला तर सतरा स्वेटर परत घ्यावे लागतील मला. यान उचला."

घड्याळजींनी यान दोन्ही हातांनी धरलं. "अहो, बर्फ यानासाठी आहे! यान नको असेल तर मी सगळंच घरी नेतो."

"बर्फाला हात लावायचा नाही. त्याची कार्यालयात नोंद झाली आहे."

यान पिशवीतून घरी गेलं. मोकळ्या फळीला पहिलं बक्षीस मिळालं. बर्फ बघायला दारापर्यंत रांग लागली. लोक शाली पांघरून आले, एका आजोबांनी तर कानटोपीही आणली. "यावर माझं यान होतं हो!" घड्याळजी एकेकाला धरून सांगत होते. "काका, बाजूला व्हा," लोक म्हणत, "फोटो काढतोय."

घरी ते बायकोपुढे रडकुंडीला आले. "दोन वर्षं गं! ते कसं होतं, एवढंही कुणी विचारलं नाही."

विचारणार कोण? तुम्हीसुद्धा खुदुखुदु हसत इथवर आलात. बर्फ कशाचा, पारा किती, स्वेटर किती, सगळं तुम्हाला तोंडपाठ. एकदा तरी विचारलंत, यानाचा रंग कोणता होता?