उलट्या बाजूचा जिना

थोरलीने शाईच्या ठशावरून कागद हलकेच सोलला आणि कपाळावर हात मारला. हाताला शाई होती, ती कपाळावरही उमटली.

भुयारी स्टेशनचं चित्र नामी उतरलं होतं. कमानी, फरश्या, बाकं सगळं होतं. फक्त डावीकडचा जिना उजवीकडे गेला होता. छापताना ठसा उलटा होतो, म्हणून तो उलटाच कोरायचा, हा धडा ती बारा वर्षं विद्यार्थ्यांना पढवत होती. स्वतःची वेळ आली तेव्हा बाई सुलटा कोरून मोकळ्या झाल्या होत्या.

"जिना कुठेही असला तरी माणसं चढतातच की," धाकटी म्हणाली.

"बाबांना कळेल ना! बत्तीस वर्षं त्या स्टेशनात गाडी आणलीये त्यांनी. माझं काम पहिल्यांदाच बघायला येतायत. नाही ओळखलं तर 'छान आहे' म्हणतील. त्या 'छान आहे'चीच भीती वाटते मला."

प्रदर्शन चार दिवसांवर होतं. थोरलीने नव्याने सगळ्या कमानी कोरल्या. पहिल्या दिवशी बोट कापलं. दुसऱ्या दिवशी सुरी घसरून कमानीत खळगा पडला. तो लपवायला तिथे गोल घड्याळ करावं लागलं. जिना मात्र जागेवर आला.

प्रदर्शनाच्या दिवशी बाबा आले. हात पाठीमागे बांधून चौकटीसमोर उभे राहिले.

"छान आहे," ते म्हणाले. "कुठलं स्टेशन?"

थोरलीचा चेहरा पडला. धाकटीने घाईघाईने चहा पुढे केला. टेबलावर अंथरायला काही नव्हतं, म्हणून तिने चुकलेला कागदच पसरला होता. बाबांनी कप उचलला आणि तसाच बाजूला ठेवला.

"अगं, हे बघ. हे माझं!"

"बाबा, ते चुकलंय. जिना उलटा आलाय."

"उलटा कसला? आत शिरताना नजर थांबायच्या खुणेवर. थांबलो की फलाटाच्या टोकाच्या आरशात. सगळे चढले की दारं लावायची. स्टेशन मी बघितलं ते आरशातच." त्यांनी जिन्यावर बोट ठेवलं. "शेवटचा माणूस इथून धावत यायचा. त्याच्यासाठी जरा थांबायचो मी."

थोरलीने भिंतीवरची चौकट उतरवली आणि कपाचा डाग पडलेला कागद तीत बसवला.

बाबांनी नवं चित्र हातात घेऊन पुन्हा पाहिलं.

"हे घड्याळवालंपण छान आहे," ते समजूत घालत म्हणाले.